सड्याच्या पोटातलं पाणी

चंदगड तालुक्यात, गोव्याच्या अंगाला, माझी काजूची बाग आहे. बाग डोंगराच्या उतारावर आहे आणि उताराच्या मध्यावर एक झरा आहे. तो मे महिन्यातही वाहतो. त्या झऱ्यासाठीच मी ही जमीन घेतली. विकणारा माझा सख्खा मामेभाऊ. सौद्यात त्याने उतार मला दिला आणि डोंगराचा माथा स्वतःकडे ठेवला. माथा म्हणजे नुसता सडा, जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यात हिरवा, एरवी तापलेल्या तव्यासारखा. त्याचा त्याला काय उपयोग, असं तेव्हा मला वाटलं. त्याला उपयोग चांगला माहीत होता. माझे काजू धरायला लागले आणि हा गडी सडा चिऱ्याच्या खाणीला द्यायला निघाला.

चिरे कापायचे म्हणजे सडा यंत्राने थरावर थर खरवडत खाली जायचं. त्या भागात जिथे जिथे खाणी झाल्या, तिथले झरे आटलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत. मी तडक त्याच्या दारात गेलो.

"माझा झरा तुझ्या सड्यातनं येतोय. खाण काढलीस तर माझी बाग मेली."

"कशावरनं म्हणता पावणं?"

घरच्या माणसाला पावणं म्हणायचं म्हणजे त्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचं. हे तो मुद्दाम करतो, आज इतकी वर्षं करतो.

"मग पाणी काय आभाळातनं पडतंय व्हय?"

"आभाळातनंच पडतंय की!" तो हसला, ओसरीवरचे दोघेतिघेही हसले. "पुरावा आणा. सड्याखालचं पाणी तुमच्या झऱ्याला जातंय असं दाखवा. त्याच दिवशी खाणवाल्याला परत धाडतो. ह्या लोकांम्होरं सांगतो."

लोकांसमोर बोलला म्हणून मी तिथूनच माघारी वळलो. शब्द त्यानेच टाकला होता.

पुरावा कुठे आहे ते मला ठाऊक होतं. बाग संपते आणि सडा सुरू होतो तिथे, एका अंजनीच्या झाडाखाली, जमिनीत एक तोंड आहे. वाकून आत गेलं की पहिली खोली लागते, बैलगाडी मावेल एवढी. तिच्या पाठीमागे काळोखात वाट जाते. पावसाळ्यात तिथे कान लावला की खोल कुठेतरी पाणी चालल्याचा आवाज येतो. गावातलं कुणी त्या खोलीपुढे गेलेलं नाही. साळिंदराच्या मागे एक कुत्रं गेलं होतं, ते परत आलं नाही, एवढीच माहिती. ती वाट सड्याखाली किती लांब जाते आणि आतलं पाणी कुठे निघतं, हे कुणीतरी आत जाऊन बघायला हवं होतं. पण असलं काम करणारी माणसं मिळतात कुठे?

दोरखंड आणि ताडपत्र्या विकण्याचा माझा धंदा. हातगाडीवर सुतळीची बंडलं विकत सुरू केला, आता कोल्हापुरात स्वतःचं दुकान आणि गोडाऊन आहे. कुठलीही वस्तू कुठे मिळेल आणि केवढ्याला सुटेल, हे मला झोपेतही सांगता येतं. माणसं शोधणं मात्र वेगळं निघालं. आधी मी डोंगर चढणाऱ्या मंडळींना विचारलं. कोल्हापुरात त्यांना तोटा नाही. एक टोळी आली, सगळ्यांचे एकाच रंगाचे सदरे. पहिल्या खोलीत उभे राहून त्यांनी फोटो काढले, आरोळ्या ठोकल्या, वाघळं उठवली, बाहेर येऊन "काका, जबरदस्त जागा!" म्हणाले आणि माझ्या खर्चाने तांबडा-पांढरा ओरपून गेले. फोटोखाली जागेचं नावही टाकलं. पुढच्या रविवारी बागेत मोटारसायकलींची रांग. मी काठी घेऊन उभा राहिलो होतो. एका सरकारी कचेरीतही गेलो. तिथल्या साहेबांनी मला विचारलं, "गुहा नोंदलेली आहे का?" मी म्हटलं, "नोंदलेली असती तर इकडे कशाला आलो असतो?" तिथून हाकलला गेलो म्हणायला हरकत नाही.

मग एके दुपारी एक बाई दुकानात आल्या. पन्नाशीच्या, सडसडीत, केस बारीक कापलेले. ताडपत्री हवी होती. बोलता बोलता त्यांनी माझ्या सगळ्यांत भारी नायलॉनच्या दोराचं टोक हातात घेतलं, पिळलं, उलगडलं, नखाने आतला धागा बघितला.

"हा कधी बनलाय?"

"दोराला काय जन्मतारीख असतीय बाई?"

"आमच्या दोराला असते." त्यांनी टोक जागेवर ठेवलं. "हा गुरं बांधायला छान आहे. माणूस लटकवायला नको."

माझ्या दुकानात उभं राहून माझ्या मालाला नाव ठेवायचं? माझा पारा चढला. "माणसं लटकवायचा धंदा आहे का तुमचा?" मी विचारलं.

"धंदा दातांचा आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "सुटीत गुहांमध्ये जाते. मेघालयात बहुतेक. तिथे दोरावरून खाली उतरावं लागतं."

मी ताडपत्रीचा भाव आपण होऊन कमी केला. माझ्या नोकरांनी असं कधी पाहिलं नव्हतं.

चहा मागवला आणि अंजनीखालच्या गुहेची हकीकत सांगितली. बाकीच्यांनी विचारलं होतं, किती मोठी आहे, मूर्ती आहेत का, गुप्तधन आहे का. डॉक्टरबाईंनी विचारलं, तोंडातून वारा येतो का, उन्हाळ्यात गार येतो की गरम, पावसात पाणी आतून बाहेर येतं की बाहेरून आत जातं, भिंतीवर किती उंचीपर्यंत गाळाची खूण आहे. निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला आली नाहीत. आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारून मी घाम फोडला आहे. त्या दिवशी माझ्याच गादीवर मी परीक्षेला बसलो होतो.

"बरं, घेणार काय?" शेवटी मी मुद्द्यावर आलो.

"काही नाही. दोन वेळचं जेवण. आणि जागा कुणाला सांगायची नाही."

फुकट काम करणाऱ्या माणसाला मी सगळ्यांत जास्त घाबरतो. फुकट म्हणजे किंमत नंतर कळणार. मी त्यांना घासाघीस करून काहीतरी घ्यायला लावायचा प्रयत्न केला. जगात मी एकटाच गिऱ्हाईक असेन ज्याने भाव वाढवून मागितला. त्या हलल्या नाहीत. उलट एक अट घातली: मालकाने बरोबर आत यायचं, निदान जमेल तिथपर्यंत. "काय बघितलं ते तुम्हालाही दिसलं पाहिजे. नाहीतर उद्या आमच्यावरच संशय घ्याल." माणूस ओळखला होता बाईंनी.

त्यांच्याबरोबर आणखी दोघे. एक चाचा, कोल्हापुरातच गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतात. गुहेत न्यायच्या पिशव्या, कंबरेचे पट्टे, गुडघ्याच्या गाद्या, सगळं स्वतःच्या मशीनवर शिवतात. दुसरा एक उंच, अबोल गडी, जमीनमोजणीचं काम करणारा. मी त्याला मोजणीवाला म्हणायचो आणि तो ऐकायचा.

आत न्यायच्या आधी त्यांनी माझी तयारी करून घेतली, माझ्याच गोडाऊनमध्ये. चाचांनी फळ्यांची एक पेटी आणली, दोन्ही टोकांनी उघडी. वरची फळी स्क्रूने खाली-वर होते. त्या पेटीतून सरपटत आरपार जायचं, दर वेळी फळी थोडी खाली. दुसऱ्याच फेरीत मी पोटावर अडकलो.

"शेठ, श्वास सोडा!" चाचा खाली बसून म्हणाले. "लोक श्वास घेऊन जोर करतात. इथं सोडून जोर करायचा."

"निघत न्हाय!"

"पोट तुमचंच आहे ना? मग ऐकेल की तुमचं."

गोडाऊनमधले हमाल तोंडावर हात ठेवून हसत होते. जेवणाचा डबा घेऊन बायको आली, तिने माझे पेटीबाहेरचे पाय बघितले आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे तसंच. घरात तेवढीच शांतता." अखेर मी श्वास सोडला आणि सुटलो. त्याच दिवशी जमिनीवर पसरलेल्या त्यांच्या दोरावर माझा पाय पडला आणि ते गोड बोलणारे चाचा माझ्यावर असे ओरडले की मी जागच्या जागी थांबलो. दोरावर पाय दिला की जमिनीवरची बारीक वाळू धाग्यात शिरते आणि आतून कापत राहते, वरून काही दिसत नाही. जन्म दोरात काढलेल्या माणसाला दोराबद्दल कुणी दम देईल, असं मला वाटलं नव्हतं. राग आला नाही, याचंच मला नवल वाटलं.

निघायच्या आधी बाई म्हणाल्या, "तुमच्या मामेभावाची परवानगी घ्यायला जायचंय."

"त्याची कशाला? तोंड माझ्या जमिनीत आहे!"

"वाट त्यांच्या जमिनीखालून जाते. विचारल्याशिवाय आम्ही कुणाच्या खाली शिरत नाही."

माझा विरोध झुगारून त्या खरंच त्याच्या ओसरीवर जाऊन बसल्या. त्याने चहा पाजला, हसून होकार दिला. "जावा की. हंडा सापडला तर अर्धा माझा, एवढं ध्यानात ठेवा."

दिवाळी उरकल्यावर आम्ही आत गेलो. मला वाटलं होतं, ही मंडळी धडाधड पुढे घुसतील. कसलं काय! त्यांचा नियम असा की मोजल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. मोजणीवाला एका दगडावर खूण करणार, दिवा लावून यंत्राने लांबी, दिशा, चढ-उतार घेणार, बाई गुडघ्यावर कागद ठेवून भिंती, छत, खालची माती काढणार, मग पुढची खूण. नुसतं जाऊन आलं त्याला ते गेलं असं मानतच नाहीत. वाघळांच्या खोलीतून गेलो तेव्हा तिघांनी दिवे मंद केले, बोलणं थांबवलं आणि कडेकडेने, चोरासारखे नव्हे तर मंदिरातून जावं तसे, पुढे गेले. एकही वाघूळ उठलं नाही. मी त्या एकरंगी सदऱ्यांची आठवण काढून मनातल्या मनात शिव्या दिल्या.

वाट अरुंद होत गेली आणि शेवटी जेमतेम दीड वीत उंचीची एक फट राहिली. तिच्या पलीकडून पाण्याचा आवाज येत होता. स्पष्ट. चाचा पुढे होते. त्यांनी फटीत डोकं घातलं, थोडा वेळ तसेच राहिले, मग मागे सरकून म्हणाले, "परत."

बाईंनी कागद गुंडाळला. मोजणीवाल्याने यंत्र पिशवीत टाकलं. दोघेही वळले.

"परत? अहो, पाणी इथं वाजतंय! का परत?"

तिघेही आलेल्या वाटेने निघाले. मी ओरडलो. आयुष्यात पहिल्या नकारावर मी माल सोडलेला नाही, आणि इथे तर नकाराचं कारणही मिळत नव्हतं. बाहेर येऊन भाकरी सोडली तरी माझ्या तोंडाचा पट्टा चालूच. तेव्हा बाई म्हणाल्या, "आमच्यात एकाने परत म्हटलं की सगळे परत. कारण विचारायचं नाही. विचारायला लागलं की पुढच्या वेळी माणूस भीतीपोटी परत म्हणत नाही, आणि मग एखादा आतच राहतो."

"मग एकदा मला तरी सांगा चाचा. फक्त मला."

चाचांनी भाकरीवर झुणका ठेवला. "शेठ, आत घासाघीस चालत नाही," ते म्हणाले आणि झुणक्यात लसूण किती घातली होती ते विचारलं. अजूनही मला कारण माहीत नाही. पण त्या फटीपासून अंजनीच्या झाडापर्यंत, ज्या कामासाठी एवढ्या लांबून आले ते काम हातातोंडाशी आलेलं असताना, त्या दोघांपैकी एकाच्याही तोंडावर नाराजी नव्हती. हे मात्र मी पाहिलं. माझ्या धंद्यात सख्खे भाऊ एवढ्यावरून वेगळे निघतात.

उन्हाळ्याच्या तोंडाला ते पुन्हा आले. या वेळी चाचा फटीतून पलीकडे गेले, मागोमाग बाई, मग मोजणीवाला. माझं पोट काही ऐकलं नाही. मी अलीकडे बसून राहिलो, पलीकडून त्यांचे आकडे ऐकत. परत आल्यावर बाई म्हणाल्या, पलीकडे वाहतं पाणी आहे, आणि ते सड्याच्या बरोबर खाली आहे. नकाशा त्यांनी माझ्यासमोर पसरला. वाट आणि पाणी ठळक रेघेने काढलं होतं. जिथे पाणी दगडाखाली जाऊन दिसेनासं होतं, तिथे रेघ संपली होती आणि पुढे नुसतं प्रश्नचिन्ह होतं.

"ती रेघ जरा माझ्या झऱ्याकडं ओढा की. तिकडंच जाणार ते."

"बघितलं नाही."

"थोडी तरी! ठिपक्याठिपक्यांची!"

"जिथवर बघितलं तिथवर रेघ," बाई म्हणाल्या. त्यानंतर मी बऱ्याच परींनी बोललो. एक ठिपका सुटला नाही. तोंडावर चिडत होतो, पण आतून वाटत होतं, असल्या माणसाबरोबर एकदा तरी भागीदारी करायला मिळायला हवी होती.

त्यांचा पुढचा उपाय असा: आतल्या पाण्यात एक निरुपद्रवी हिरवा रंग सोडायचा आणि तो बाहेर कुठल्या पाण्याला निघतो ते बघायचं. डोंगराच्या भोवती जेवढं पाणी आहे तेवढं सगळं बघायचं म्हणाल्या. त्यासाठी चाचांनी कोळसा भरलेल्या लहान पिशव्या शिवून आणल्या होत्या. रंग डोळ्यांना दिसला नाही तरी कोळसा तो धरून ठेवतो. एक पिशवी माझ्या झऱ्यात, एक ओढ्यात, एक मामेभावाच्या विहिरीत. विहिरीचं ऐकून मी हसलो. ती डोंगराच्या पलीकडे, उतारच उलटा. "उगाच एक पिशवी वाया," मी म्हटलं. तरी बाई त्याच्या घरी गेल्या, त्याच्या बायकोला सगळं समजावून सांगितलं, पाणी रंगलं तर भिऊ नका म्हणाल्या.

झऱ्यावर नजर ठेवायला कोण? मी एकटा बसलो तर मामेभाऊ म्हणणार, मीच रंग ओतला. तो एकटा बसला तर तो बघितलेलं बघितलं म्हणणार नाही. म्हणून आम्ही दोघेही बसलो. एकमेकांच्या हातांकडे बघत. माझ्या बागेत, माझ्या झऱ्यावर, समोरासमोर दोन दगडांवर. सकाळ गेली. तिकडे ते तिघे आत जाऊन रंग सोडून बाहेर आले, चाचा झाडाखाली आडवे झाले. पाणी काचेसारखं.

"पावणं, पिवळं पडतंय काय वं?"

"गप बस."

"न्हाय, मला आपलं वाटलं."

दुपारी त्याचा डबा आला, माझाही आला. त्याच्या डब्यात सुकट होती. त्याने न विचारता माझ्या ताटात वाढली. ऊन कलायला लागलं तरी पाणी काचेसारखंच. झरा माझा, बाग माझी, गावासमोर पडलेला शब्द त्याचा. आणि आता हरणार मी.

तेवढ्यात वाटेवर त्याची बायको दिसली, माझी वहिनी. डोक्यावर कळशी. डोंगराला वळसा घालून आली होती, धापा टाकत होती. तिने कळशी आमच्या दोघांच्या मधे ठेवली आणि पदराने तोंड पुसलं.

"घ्या. बघा दोघं बी."

कळशीतलं पाणी कैरीच्या सालीसारखं हिरवं होतं.

"कुठलं हे?" मामेभावाने विचारलं.

"कुठलं म्हंजे? आपल्या हिरीचं! दुपारपासनं माणसं येऊन बघून जायलीत. म्होरं खाण काढून काय पिणार हायसा? चिरं?"

तो उठून उभा राहिला, परत बसला. माझ्या झऱ्यात तर रंगाचा थेंब आला नव्हता. मी बाईंकडे बघितलं. माझी आशा ही की त्या काहीतरी सावरून घेतील. त्यांनी कळशीत बोट बुडवलं, उन्हात धरलं आणि सरळ सांगितलं, "आतलं पाणी यांच्या विहिरीला जातं. झऱ्याला आज आलेलं नाही. पिशवी तपासून नक्की सांगेन." पुढे सांगितलंही. झऱ्याच्या कोळशात काही नव्हतं. ज्या बागेत राहून माझी भाकरी खाल्ली, तिच्या बाजूने त्यांनी एक अक्षरही जास्त घातलं नाही.

खाण झाली नाही. सड्यावर यंत्र चढलं नाही, माझा झरा अजून वाहतो, काजू चांगले धरतात. मामेभाऊ आता ओसरीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की सड्याखालचं पाणी 'आम्ही' शोधून काढलं, कोल्हापुरातून माणसं बोलावून. कोणी बोलावली, कोणाच्या दुकानात ती सापडली, पेटीत कोण अडकलं, हे तो सांगत नाही. सांगणारही नाही. ते माझ्या मनातून जात नाही.

माझा झरा मग येतो कुठून? हे मी बाईंना विचारलं होतं. "कळलं तर मलाही सांगा," म्हणाल्या. "दुसरं तोंड असेल. हिवाळ्यात पहाटे उदबत्ती घेऊन उतारावरच्या फटी बघत जा. धूर कुठे ओढला जातो का ते बघा." पहाटे उदबत्ती घेऊन फिरणारा मालक बघून बागेतल्या बाया कुजबुजतात. गेल्या हिवाळ्यात झऱ्याच्या वर, करवंदीच्या जाळीत, एका फटीपाशी धूर सरळ वर न जाता वाकला आणि आत गेला. मी तिथूनच फोन लावला. बाई दवाखान्यात होत्या, मागे यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"हात जातो का आत?" त्यांनी विचारलं.

"खांद्यापर्यंत. पुढं मोकळं लागतंय."

"कुणाला सांगितलंत?"

"कुणाला न्हाय."

"बरं केलंत. आता जाळी तोडू नका. दगड काढू नका. आम्ही येतो."

मी जाळी तोडली नाही.